गच्चीवरील बागेचे शिक्षण : समक्ष की दुरून?

शेतीचे शिक्षण शेतावरच द्यावे, हे कृषिविस्तारकार्याचे जुने सूत्र आहे. प्रात्यक्षिकावाचून दिलेला सल्ला शेतकऱ्याच्या मनात रुजत नाही, असा या कार्यातील सर्वांचा अनुभव आहे. परंतु ज्यांच्याजवळ शेत नाही, केवळ चाळीची गच्ची, घरापुढची गॅलरी अथवा इमारतीमागची चार हात मोकळी जागा आहे, अशा नगरवासीयांना हे सूत्र कसे लागू करावयाचे? आणि त्यांना शिकविणारा मार्गदर्शक समोर उभा नसून दूरध्वनीच्या पडद्यावर दिसत असेल, तर त्या शिक्षणाला प्रात्यक्षिक म्हणावे काय? मुंबई शहरात बागकाम शिकविणाऱ्या मार्गदर्शकांपुढे गेली काही वर्षे हा प्रश्न उभा आहे व त्यावर त्यांच्यात एकमत नाही. या मतभेदाचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

स्वयंसेवक म्हणजे कोण?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा भाग आज दाट वस्तीचा असला, तरी त्याला बागायतीचे वावडे नाही. गिरगावातील फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, मुगभाट ही नावे जुन्या वाड्यांची व पिकांची आठवण आजही देतात. वाड्यांच्या जागी चाळी आल्या, परळ-लालबागेत गिरण्या आल्या; १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या. जमीन गेली, तरी झाड लावण्याची हौस मात्र गेली नाही. रिकाम्या डब्यातील तुळस, ओवा, गवती चहा व कढीलिंब यांनी ती गॅलरीत टिकवून धरली.

या हौसेला पद्धतशीर वळण देण्याचे प्रयत्न मुंबईत पूर्वीच झाले आहेत. डॉ. आर. टी. दोशी यांनी वांद्रे येथे आपल्या गच्चीवर उसाची चिपाडे व थोडी माती यांच्या आधारे भाजीपाला पिकवून नगरशेतीचा पाठ घालून दिला. २००२ च्या सुमारास श्रीमती प्रीती पाटील यांनी त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथलाच ओला कचरा कुजवून भाज्या व फळझाडे वाढविली. त्यातूनच पुढे ‘अर्बन लीव्हज्’ हा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला.

येथे ज्यांना स्वयंसेवक म्हटले आहे, ते पगारी माळी नव्हेत. कोणी निवृत्त कारकून, कोणी शाळेतील शिक्षिका, कोणी गृहिणी, तर कोणी महाविद्यालयीन विद्यार्थी असतो. ते स्वतः बागकाम शिकतात आणि नंतर आपल्या इमारतीत, शाळेत अथवा मंडळात इतरांना शिकवितात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९७३ साली याच तत्त्वावर एक योजना सुरू झाली. शहरी बागवानांच्या शंकांना उत्तरे देणे विस्तार अधिकाऱ्यांना एकट्याने झेपेना; म्हणून निवडक नागरिकांना प्रशिक्षण द्यावयाचे व त्याची परतफेड त्यांनी ठरावीक तास लोकसेवा करून करावयाची, अशी ती योजना होती. पुढे ती इतर राज्यांत व इतर देशांत पसरली.

या व्यवस्थेचे बळ ज्यात आहे, त्यातच तिचा धोकाही आहे. साधा हौशी बागवान चुकीचे शिकला, तर त्याच्या दोन कुंड्या वाळतात. स्वयंसेवक चुकीचे शिकला, तर ती चूक दहा घरांत पोहोचते. म्हणून त्याला कसे शिकवावे, हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

दूरस्थ शिक्षणाची बाजू

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, लोकलगाड्या सर्वसामान्य प्रवाशांना बंद झाल्या आणि समक्ष वर्ग थांबले. तेव्हा अनेक मार्गदर्शकांनी दूरध्वनीवरून व संगणकावरून शिकविण्यास आरंभ केला. संकट ओसरले, तरी ही रीत मात्र टिकून राहिली. तिचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

त्यांचा पहिला मुद्दा असा की, समक्ष वर्गाला येणे सर्वांना साधत नाही. लालबागेतील जी गृहिणी सकाळी डबे करते, दुपारी मुलांचा अभ्यास घेते व संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी असते, तिला रविवारची सकाळही मोकळी नसते. वृद्धांना चार मजले चढवत नाहीत. अशांना घरबसल्या पाठ मिळाला, तर जे कधीच शिकले नसते ते शिकू लागतात. दुसरा मुद्दा तज्ज्ञांच्या उपलब्धतेचा आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातील फळझाडांचा जाणकार परळच्या एका गच्चीवर दर महिन्याला येऊ शकणार नाही. परंतु तासभर बोलू निश्चित शकेल. तिसरा मुद्दा उजळणीचा. मुद्रित केलेला पाठ पुनःपुन्हा ऐकता येतो. एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ व दहा लिटर पाणी एकत्र करून तीन दिवस ठेवावे, रोज ढवळावे व नंतर दहापट पाण्यातून झाडांना द्यावे, हे अमृतजलाचे प्रमाण वर्गात एकदा ऐकून विसरले जाते. पडद्यावर ते हवे तेव्हा पाहता येते.

याशिवाय दुरून शिकविणे ही काही आजची नवलाई नव्हे. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शेतीचे शिक्षण छापील पुस्तकांच्या द्वारे घरोघर पोहोचविले. २१ जानेवारी २००४ पासून किसान कॉल सेंटरवर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत दूरध्वनीवर सल्ला मिळू लागला. तेव्हा दूरस्थ शिक्षणाला सरसकट नाव ठेवणे न्यायाचे होणार नाही.

समक्ष शिक्षणाची बाजू

दुसऱ्या पक्षाचे मार्गदर्शक मिरचीच्या एका पानाचे उदाहरण देतात. मिरचीची पाने आकसली की शिकाऊ बागवान त्याचे छायाचित्र पाठवितो व औषध विचारतो. परंतु पाने आकसण्याची कारणे अनेक आहेत. फुलकिड्यांमुळे पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात. कोळी पडला असता त्या खाली वळतात. आणि पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू असल्यास पाने लहान व चुरडलेली राहून झाडाची वाढ खुंटते. पहिल्या दोहोंवर उपाय करता येतो. तिसऱ्यावर रोगट झाड उपटून टाकणे व माशीचा बंदोबस्त करणे एवढेच हाती उरते. छायाचित्रात हा भेद कधी दिसतो, कधी दिसत नाही. पान उलटून भिंगाखाली धरले, पांढऱ्या कागदावर झटकले, म्हणजे किडा डोळ्यांना दिसतो. एकदा हे स्वतः केलेला स्वयंसेवक पुढे दुसऱ्याला विचारीत बसत नाही.

पाण्याचेही तसेच आहे. पाने पिवळी पडली की पाणी कमी पडले असे समजून नवशिका आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजवितो. बोट दोन पेरे मातीत खुपसून ओल पाहणे, कुंडी उचलून तिच्या वजनावरून अंदाज घेणे, तळाचे छिद्र बुजले आहे काय ते काडीने तपासणे, या गोष्टी सांगून समजतात. त्या अंगवळणी मात्र हाताने केल्याशिवाय पडत नाहीत. खत पूर्ण कुजले की नाही, हे त्याच्या वासावरून व स्पर्शावरून कळते. पडद्यावर वास येत नाही. गुटी कलम बांधताना साल किती खोल काढावी, हे चाकू हातात घेतल्याखेरीज उमगत नाही.

मुंबईपुरते आणखी दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला गच्चीचा. ओल्या मातीचे वजन दर घनफुटास सुमारे ४५ ते ५० किलो भरते. दहा फूट लांब, चार फूट रुंद व एक फूट खोल असा वाफा साध्या मातीने भरला, तर पावसात त्याचे ओझे दोन टनांच्या जवळ जाते. गिरगाव-लालबागेतील कित्येक इमारती जुन्या व दुरुस्तीला आलेल्या आहेत. तेथे पालापाचोळा, नारळाचा काथ्या व खत यांचे हलके मिश्रण वापरणे, वजन तुळईच्या वा भिंतीच्या बाजूस ठेवणे, पाण्याच्या निचऱ्याची वाट मोकळी राखणे आणि मुळात ती गच्ची बागेस योग्य आहे काय, याविषयी बांधकामाच्या जाणकाराचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. ज्या मार्गदर्शकाने गच्ची पाहिलेली नाही, त्याने तिच्यावर वाफे घालण्यास सांगणे जोखमीचे आहे. एकदा खालच्या बिऱ्हाडात पाणी गळले, की ती बाग तर बंद होतेच, पण शेजारच्या इमारतीतही कोणी परवानगी देत नाही.

दुसरा मुद्दा डासांचा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो व आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कुंडीखालची ताटली, रिकामा डबा, झारीत उरलेले पाणी एवढेही त्याला पुरते. अशा ठिकाणी डासांची पैदास आढळल्यास मुंबई महानगरपालिका १८८८ च्या अधिनियमान्वये नोटीस बजावते. दर आठवड्याला ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात, हा नियम सर्वांनाच ठाऊक असतो. तो पाळला जातो की नाही, हे मात्र गच्चीवर गेल्याशिवाय कळत नाही.

पुण्याच्या प्रयोगाचा धडा

दोन्ही बाजू अशा सबळ असता निर्णय कशाच्या आधारे करावा? याबाबतीत महाराष्ट्राच्या भूमीवरच झालेला एक जुना प्रयोग मार्गदर्शक ठरेल. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच मराठी भाषिक जिल्ह्यांतील १५० गावांसाठी खास शेतीविषयक कार्यक्रम दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रसारित केले. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापन झाले होते. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, शंका केंद्राकडे लिहून पाठवावयाच्या व शक्य ते कृतीत आणावयाचे, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या देखरेखीखाली या प्रयोगाची पाहणी केली. तीत श्रोतृमंडळे असलेल्या गावांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या व रेडिओ नसलेल्या गावांशी करण्यात आली.

निष्कर्ष बोलका होता. श्रोतृमंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडली. जेथे रेडिओ होता परंतु मंडळ नव्हते, तेथे ती नगण्य होती. आवाज तोच, तज्ज्ञ तेच, विषयही तेच. भेद एवढाच की, एका ठिकाणी ऐकणारे एकत्र बसून बोलत होते व दुसऱ्या ठिकाणी ते सुटेसुटे होते.

याच दिशेचा दुसरा दाखला प्रयोग परिवाराचा आहे. गणिताचे अध्यापक असलेले कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी शेतकऱ्यांचे जे जाळे विणले, त्याचा मोठा आधार पत्रव्यवहार हा होता. द्राक्षबागाईतदारांसह अनेकांनी त्यातून एकमेकांना शिकविले. तेही दूरस्थ शिक्षणच होते. परंतु पत्र लिहिणारा व पत्र वाचणारा या दोघांच्याही हाती स्वतःचा चालू प्रयोग असे. आपल्या वेलीवर जे दिसले ते एकाने लिहावे आणि दुसऱ्याने ते आपल्या वेलीवर पडताळावे, असा तो व्यवहार होता.

या दोन्ही दाखल्यांवरून असे म्हणता येते की, समक्ष की दुरून, हा वादच मुळी अपुऱ्या रीतीने मांडला जात आहे. शिकविणारा कोठे बसला आहे, यापेक्षा शिकणाऱ्यांच्या बाजूला काय आहे, हे पाहिले पाहिजे. तेथे एकत्र बसणारा गट असेल, समोर कुंडी वा वाफा असेल आणि पुढच्या पाठापूर्वी करावयाचे काम ठरलेले असेल, तर दुरून दिलेला पाठही फलदायी होतो. यांपैकी काहीच नसेल, तर उत्तम वक्त्याचे समक्ष व्याख्यानही सभागृहाच्या दारातच विसरले जाते.

काय करता येईल?

परळ, लालबाग, गिरगावात असे गट नव्याने उभारण्याचीही गरज नाही. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, भजनी मंडळे, व्यायामशाळा व चाळ समित्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील उत्सवाला तर १८९३ पासूनची परंपरा आहे. यांतील कोणत्याही मंडळाने बारा-पंधरा स्वयंसेवकांचा गट करावा, पंधरा दिवसांतून एकदा सर्वांनी एकत्र बसून दूरस्थ पाठ ऐकावा, लगेच अर्धा तास चर्चा करावी आणि तेथेच गच्चीवर किंवा गॅलरीत जाऊन त्यातील एक गोष्ट करून पाहावी. ज्यांना जिने चढवत नाहीत, त्यांच्यासाठी एखादी कुंडी खाली आणणे अवघड नाही.

या पाठांना वर्षातून निदान चार समक्ष भेटींची जोड मात्र अवश्य हवी. त्या मुंबईच्या ऋतुमानाप्रमाणे ठरवाव्यात. पहिली भेट मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी व्हावी. मुंबईत वर्षाकाठी सरासरी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सर्व चार महिन्यांतच पडतो. म्हणून या भेटीत गच्चीचा निचरा, वाफ्यांचे वजन व कुंड्यांची छिद्रे पाहावीत. दुसरी भेट श्रावणात व्हावी. त्या वेळी बुरशी, मूळकूज व डासांची पैदास यांची तपासणी होईल आणि छाट कलमांचे प्रात्यक्षिकही देता येईल. तिसरी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. तेव्हा पालक, मेथी, मुळा यांची पेरणी व टोमॅटोची रोपे लावणे शिकवावे. चौथी जानेवारीत, तेव्हा मोगऱ्याची छाटणी, किडींची ओळख व उन्हाळ्यासाठी पाल्याचे आच्छादन हे विषय घ्यावेत. यांपैकी एखादी भेट भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवल्यास १८६२ पासूनच्या त्या उद्यानातील वृक्षसंपदा स्वयंसेवकांच्या ओळखीची होईल.

स्वयंसेवकाला प्रमाणपत्र देताना त्याने किती पाठ ऐकले याची मोजदाद पुरेशी नाही. त्याने एक पावसाळा व एक उन्हाळा काढलेली निदान पाच झाडे दाखवावीत, पानावरील तीन किडी समक्ष ओळखाव्यात व स्वतः कुजविलेले खत मार्गदर्शकाच्या हाती द्यावे. एवढे झाले, म्हणजे त्याला इतरांना शिकविण्याचा अधिकार द्यावा.

आक्षेप व उत्तर

यावर असा आक्षेप येईल की, मार्गदर्शक थोडे, गच्च्या अनेक. चार भेटी तरी कोणी द्यावयाच्या? हा आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर स्वयंसेवकांच्याच योजनेत आहे. पहिल्या वर्षी मुख्य मार्गदर्शकाने थोडेच गट घ्यावेत. त्यांतून तयार झालेल्या स्वयंसेवकाने दुसऱ्या वर्षी शेजारच्या चाळीतील गटाला भेट द्यावी व मुख्य मार्गदर्शकाने त्याच्या शंका दुरून सोडवाव्यात. अशा रीतीने दूरस्थ साधन अनुभवी माणसाच्या पाठीशी उभे राहील. नवख्याला एकटे सोडणार नाही.

दुसरा आक्षेप असा की, जी गृहिणी गटात येऊच शकत नाही, तिचे काय? तिच्यासाठी घरबसल्या पाठ चालू राहिलाच पाहिजे. मात्र तिच्याच मजल्यावरील एखाद्या स्वयंसेविकेने आठवड्यातून पाच मिनिटे तिच्या गॅलरीत डोकावावे. चाळीत दार उघडे असते. या उघड्या दाराचा उपयोग शिक्षणासाठी करून घ्यावा.

मार्गदर्शकांचे मतभेद यापुढेही राहतील व ते राहणे हितावहच आहे. परंतु पुढील पावसाळ्यापूर्वी प्रत्येक मार्गदर्शकाने आपल्या शिकाऊ स्वयंसेवकांच्या यादीवर एकदा नजर फिरवावी आणि प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न विचारावेत. याची गच्ची अथवा गॅलरी कोणा जाणत्याने पाहिली आहे काय? आणि याच्यासोबत शिकणारे दुसरे कोणी जवळपास आहे काय? ज्या नावापुढे दोन्ही उत्तरे नकारार्थी येतील, त्या घरी मे महिना संपण्यापूर्वी कोणीतरी जाऊन यावे.